रेडॉनचा बंदोबस्त : योग्य कंत्राटदार कसा ओळखावा?

डिसेंबर १९८४ मधली गोष्ट. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लिमेरिक येथे एका अणुवीज केंद्राची उभारणी पुरी होत आली होती. तेथे स्टॅनली वॉट्रस नावाचे एक अभियंता काम करीत. कामगारांच्या अंगाला किरणोत्सारी धूळ चिकटली आहे का, हे पाहण्यासाठी केंद्रात एक तपासणीचे फाटक बसविलेले होते. वॉट्रस त्यातून जाऊ लागले, की धोक्याची घंटा वाजे. वीज केंद्र अजून नीटसे सुरूही झाले नव्हते, मग ही धूळ आली कोठून? एके दिवशी त्यांनी युक्ती केली. सकाळी आत शिरताच, कामाच्या जागी न जाता, ते तडक त्या फाटकातून गेले. घंटा वाजलीच! म्हणजे किरणोत्सर्ग केंद्रातला नव्हता. तो ते घरून घेऊन येत होते.

त्यांच्या घरातील हवा तपासली तेव्हा तीत रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू सापडला. प्रमाण होते लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी. पुढे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जी मर्यादा ठरविली, ती आहे ४ पिकोक्युरी! या कुटुंबाला घर सोडावे लागले. १९८५ मध्ये काही महिन्यांच्या खटाटोपानंतर पातळी ४ च्या खाली आली, तेव्हा ते परत राहायला आले.

आता असे पाहा, घर तर बंद करून टाकता येत नाही, आणि जमीनही बदलता येत नाही. मग रेडॉन घालवला तो कसा? आणि ज्या माणसाने तो घालवला असे सांगितले, त्याने खरोखर घालवला की नुसतेच पैसे घेतले, हे घरमालकाने ओळखावे कसे? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आधी थोडे पदार्थविज्ञान पाहावे लागेल.

खडकांत आणि मातीत सर्वत्र युरेनियम थोड्याफार प्रमाणात असते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ४५० कोटी वर्षे. म्हणजे आज जेवढे आहे, त्याचा अर्धा भाग विघटित व्हायला पृथ्वीच्या वयाइतका काळ लागतो. त्याच्या वंशावळीत पुढे रेडियम येते आणि रेडियमपासून रेडॉन. या घराण्यातील बाकीची मंडळी घन रूपात आहेत. ती मातीच्या कणांत जागच्या जागी बसून राहतात. रेडॉन तेवढा वायू आहे, आणि तोही हेलियम, निऑनच्या कुळातला, कोणाशीही सहसा संयोग न पावणारा. त्यामुळे तो मातीच्या फटींतून मोकळा हिंडू शकतो. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवस असते. जमिनीतून वर येऊन घरात शिरायला एवढा वेळ पुरेसा होतो.

रेडॉन स्वतः श्वासाबरोबर आत जातो आणि बहुतांशी तसाच बाहेर येतो. खरा उपद्रव त्याच्या वंशजांचा. रेडॉनचा अणू फुटला की पोलोनियम तयार होते. ते घन असते, सुरुवातीला विद्युत्‌भारितही असते, म्हणून धुळीला, भिंतींना, कपड्यांना चटकन चिकटते. वॉट्रस यांच्या अंगावर फाटकाला जे दिसले, ते हेच. श्वासाबरोबर अशी धूळ फुप्फुसात गेली, की तेथे चिकटून बसते आणि काही मिनिटांत आल्फा कण बाहेर फेकते. आल्फा कण कागदानेही अडतो, कातडीच्या वरच्या मृत थरालाही तो ओलांडत नाही. पण फुप्फुसाच्या आत असा मृत थर नाही. तेथे त्याची सगळी ऊर्जा जिवंत पेशींवर पडते. वर्षानुवर्षे असे होत राहिले तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हे प्रथम ध्यानात आले ते खाणकामगारांच्या बाबतीत. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २००३ मधील अंदाजाप्रमाणे अमेरिकेत रेडॉनमुळे वर्षाला सुमारे २१,००० माणसे दगावतात. घरात कोणी धूम्रपान करीत असेल तर त्याचा धोका कितीतरी अधिक.

४ पिकोक्युरी म्हणजे आपल्या परिचयाच्या एककात दर घनमीटर हवेत १४८ बेक्वेरेल. एका सेकंदात रेडॉनचे १४८ अणू फुटतात, असा त्याचा अर्थ. (जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये याहून कडक, १०० बेक्वेरेल ही पातळी सुचविली.) आता एक गणित करून पाहा. अर्धायुष्य ३.८ दिवस आणि सेकंदाला १४८ विघटने, तर एका घनमीटरमध्ये रेडॉनचे एकूण अणू किती? उत्तर येते सुमारे ७ कोटी. आकडा मोठा वाटतो ना? पण त्याच घनमीटरमध्ये हवेचे रेणू असतात २५ वर २४ शून्ये इतके. या अफाट गर्दीत ७ कोटी म्हणजे काहीच नव्हे. त्यामुळे रेडॉनला वास नाही, रंग नाही, चव नाही, आणि कोणतीही रासायनिक परीक्षा त्याला हुडकू शकत नाही. फक्त त्याचा किरणोत्सर्ग मोजूनच तो सापडतो.

ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, कारण कंत्राटदाराचा सगळा प्रश्न तिच्यातून उभा राहतो. गळके छप्पर दुरुस्त झाले की नाही, हे पहिल्या पावसात कळते. रंगाऱ्याने काम वाईट केले तर डोळ्यांना दिसते. रेडॉनचे काम वाईट झाले तर कोणालाच काही कळत नाही. घरातली माणसे निर्धास्त होतात आणि तीच हवा पुढे वीस वर्षे घेत राहतात.

“पण हे सगळे अमेरिकेतच का?” असे तुम्ही विचाराल. आपल्याकडे बहुतेक घरांना तळघर नसते आणि दारेखिडक्या वर्षभर उघड्या असतात. शिवाय दख्खनचा बेसाल्ट खडक ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियमच्या बाबतीत गरीबच. परंतु न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात आता मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. तुमच्यापैकी कोणाची आत्या, कोणाचा मामा तिकडे असेल. घर विकत घेताना रेडॉनची चाचणी करून घेण्याची तेथे रूढ पद्धत आहे. आकडा जास्त निघाला, की कंत्राटदाराचा शोध सुरू होतो. भौतिकी शिकणाऱ्या भाच्याने किंवा भाचीने मामाला चार नेमके प्रश्न सुचविले, तर त्यात वावगे काय?

घरात रेडॉन नुसता शिरत नाही, घरच त्याला ओढून घेते. हिवाळ्यात घरात २० अंश सेल्सिअस आणि बाहेर उणे ५ अंश तापमान असले, तर आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के हलकी असते. ती वर चढते, छपराजवळच्या फटींतून निसटते, आणि तिची जागा घ्यायला खालून हवा येते. पाच मीटर उंचीच्या घरात यामुळे पडणारा दाबाचा फरक सुमारे ५ पास्कल भरतो. पाण्याचा अर्धा मिलिमीटर उंच स्तंभ जेवढा दाब देईल तेवढाच! तळाशी वाट्याला येतो तो याच्याही जवळपास निम्मा. पण तळघराच्या कोब्याखालची हवा भेगांतून, नळांच्या भोवतालच्या फटींतून वर खेचायला एवढा दाब पुरतो.

मग भेगा बुजवल्या की झाले, असे वाटते. तसे नाही. कोबा आणि भिंत यांच्या सांध्यात, पोकळ विटांच्या आत, नजरेला न पडणाऱ्या जागी फटी राहतातच, आणि घर थोडे खचले की नव्या पडतात. खिडक्या उघडल्या तर? हवा दुपटीने बदलली की रेडॉन निम्मा होतो. १,४८० वरून १४८ वर आणायचे तर दहापट हवा खेळवावी लागेल, आणि बाहेर बर्फ पडत असताना ती सगळी हवा तापवावी लागेल. तात्पुरता उपाय म्हणून ठीक.

खरा उपाय सोपा आणि सुंदर आहे. घर जमिनीतून हवा ओढते ना? मग जमिनीत घरापेक्षाही कमी दाब निर्माण करायचा. कोब्याला भोक पाडून त्यातून तीन-चार इंच व्यासाचा प्लास्टिकचा नळ खाली खडीच्या थरात सोडतात, तो छपराच्या वर नेतात, आणि मध्ये एक पंखा बसवतात. पंखा रात्रंदिवस चालतो. कोब्याखालचा दाब घरातल्या दाबाहून कमी झाला, की फटींतून हवा वर येण्याऐवजी खाली जाऊ लागते. फटी त्याच राहतात, प्रवाहाची दिशा तेवढी उलटते.

आता कंत्राटदाराकडे वळू. पहिली चौकशी त्याच्या प्रमाणपत्राची. १९९८ पर्यंत अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था स्वतःच परीक्षा घेऊन अशा लोकांची यादी ठेवीत असे. ती योजना बंद झाल्यानंतर हे काम दोन राष्ट्रीय संस्था करतात : नॅशनल रेडॉन प्रोफिशियन्सी प्रोग्रॅम आणि नॅशनल रेडॉन सेफ्टी बोर्ड. पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, इलिनॉय अशा काही राज्यांत सरकारी प्रमाणपत्र किंवा परवाना लागतोच, तर काही राज्यांत कायद्याचे असे बंधन नाही. म्हणून आधी राज्याच्या रेडॉन कार्यालयाकडून यादी मिळवावी, आणि समोरच्या माणसाचे नाव तीत आहे का, मुदत संपलेली नाही ना, हे स्वतः पाहावे. प्रमाणपत्राचे ओळखपत्र खिशात असते, ते मागण्यात संकोच कसला? मात्र प्रमाणपत्र म्हणजे फक्त प्रवेशपरीक्षा. ते असलेला प्रत्येक जण काम नीट करतोच असे नाही.

म्हणून दुसरी गोष्ट पाहायची ती अशी, की हा माणूस किंमत सांगण्यापूर्वी काय विचारतो? जो फोनवरच आकडा सांगतो, त्याच्यापासून चार पावले दूर राहिलेले बरे. चांगला कंत्राटदार आधी चाचणीचा अहवाल मागतो. चाचणी घरात कोठे, किती दिवस, दारेखिडक्या बंद ठेवून केली का, हे विचारतो. मग घर पाहायला येतो. तळघराचा कोबा किती मोठा, खाली खडी आहे की चिकणमाती, पाणी साठण्याचा खड्डा उघडा आहे का, घराला नंतर खोली जोडली आहे का, हे तपासतो. खडीतून हवा सहज वाहते, तेथे एका नळाने सगळ्या कोब्याखालचा दाब उतरू शकतो. चिकणमातीत तसे होत नाही, तेथे दोन-तीन ठिकाणी भोके पाडावी लागतात, पंखाही वेगळ्या जातीचा लागतो. शेजारशेजारच्या दोन घरांतही पातळीत मोठा फरक असू शकतो. त्यामुळे “तुमच्या शेजाऱ्याकडे मी असेच बसवले” हे काही कारण झाले नाही.

यासाठी एक साधी परीक्षा आहे, ती मला फार आवडते. कोब्याला एका टोकाला मोठे भोक पाडून त्याला व्हॅक्यूम क्लीनर लावायचा, आणि दुसऱ्या टोकाला एक बारीक भोक पाडून त्याच्यावर धूर धरायचा. आपल्याकडे उदबत्ती धरली तरी चालेल! धूर भोकात खेचला गेला, तर दाब तेथवर पोहोचतो. धूर तसाच वर गेला, तर नाही. नाजूक दाबमापक असेल तर फरक पास्कलमध्येही वाचता येतो. प्रत्येक घरी एवढे करावे लागतेच असे नाही, जुना जाणता कारागीर बांधकाम पाहूनही पुष्कळ ओळखतो. पण “खालची हवा सगळीकडून ओढली जाते हे तुम्ही कसे ठरवणार?” असे विचारल्यावर ज्याला उत्तर सुचत नाही, त्याला काम देऊ नये.

पंखा कोठे बसवणार, हाही चांगला प्रश्न आहे. माझ्या वर्गात मी तो कोडे म्हणून घालतो, आणि पुष्कळ मुले “तळघरात, भोकाच्या अगदी जवळ, म्हणजे ओढ जास्त मिळेल” असे उत्तर देतात. ते चूक आहे. पंख्याच्या खालच्या बाजूला नळातला दाब घरापेक्षा कमी असतो, वरच्या बाजूला जास्त. खालच्या बाजूचा सांधा गळला तर घरातली हवा नळात जाईल, माणसांना त्याने काही बाधा नाही. वरच्या बाजूचा सांधा गळला तर नळातला रेडॉन घरात फवारला जाईल, आणि नळातली हवा मूळच्या घरातल्या हवेपेक्षाही कितीतरी दूषित असते. म्हणून पंखा राहत्या जागेत किंवा तळघरात बसवायचाच नाही. तो छपराखालच्या माळ्यावर, नाहीतर घराबाहेर बसवायचा. नळाचे तोंडही छपराच्या वर, खिडक्यांपासून निदान दहा फूट दूर हवे. नाहीतर बाहेर टाकलेला वायू खिडकीतून पाहुण्यासारखा परत येतो. जमिनीतली हवा दमट असते, नळात पाणी सुटते. नळाला जमिनीकडे उतार हवा. मध्ये झोळ राहिला की पाणी तेथे साचते आणि हवेची वाट अडते.

यापेक्षाही गंभीर एक बाब आहे. अनेक घरांत पाणी तापवायला किंवा घर उबदार ठेवायला गॅसची भट्टी असते आणि तिचा धूर धुराड्यातून वर जातो. फटी न बुजवता जोरकस पंखा लावला, तर तो कोब्यातून घरातलीच हवा ओढू लागतो, घरातला दाब उतरतो, आणि धुराड्यातला धूर उलटा घरात येऊ शकतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रेडॉन वर्षानुवर्षांनी अपाय करतो, कार्बन मोनॉक्साइड एका रात्रीत जीव घेतो. म्हणून पंखा सुरू करून धुराड्याची ओढ तपासणार का, हे कंत्राटदाराला विचारलेच पाहिजे.

पैशांबद्दल थोडक्यात. दोन-तीन जणांकडून लेखी अंदाजपत्रके घ्यावीत. एकूण खर्च, फटी बुजवण्याचे काम त्यात धरले आहे का, पंख्याची हमी किती वर्षांची, कामगारांचा विमा आहे का, हे करारपत्रात असावे. आणि मुख्य म्हणजे पातळी कोणत्या आकड्याखाली आणून देणार, न आली तर पुढचे काम कोणाच्या खर्चाने, हे आकड्यात लिहिलेले असावे. “रेडॉन कमी करून देऊ” हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण १,४८० चा १,४०० झाला तरी तो कमी झालाच!

काही विक्रेते घाबरवून सही घेतात. “आजच्या आज काम नाही केले तर मुलांचे काय होईल?” असे म्हणतात. वॉट्रस यांच्यासारखा आकडा असेल तर घाई योग्यच. पण मर्यादेच्या थोड्याशा वरचा आकडा असेल, तर आठवडाभर थांबून दुसरी चाचणी करून घेण्यात काही बिघडत नाही. येथे धोका वर्षांच्या हिशोबाने साठतो, तासांच्या नव्हे. मात्र याचा अर्थ काम दोन वर्षे पुढे ढकलावे, असाही नाही.

काम झाल्यावर पुन्हा मोजायचे. यंत्रणा सुरू होऊन निदान २४ तास झाले पाहिजेत, आणि ३० दिवसांच्या आत चाचणी व्हावी. २४ तास कशाला? घरात आधीच असलेला रेडॉन आणि त्याचे वंशज निघून जाऊन नवी स्थिती स्थिर व्हायला वेळ द्यावा लागतो. कोळशाच्या डबीने करायची छोटी चाचणी निदान दोन दिवसांची असते. तिच्या आधी १२ तासांपासून दारेखिडक्या बंद ठेवायच्या, नाहीतर यंत्रणेचे श्रेय वाऱ्याला जायचे! ही चाचणी कंत्राटदाराने स्वतः केली तरी हरकत नाही, पण तेवढ्यावर समाधान मानू नये. कोणी स्वतःचीच उत्तरपत्रिका तपासली तर तुम्ही ते गुण मान्य कराल का? दुसऱ्या, त्याच्याशी हितसंबंध नसलेल्या माणसाकडून, किंवा डबी विकत आणून स्वतः चाचणी करून प्रयोगशाळेकडे पाठवावी. जो कंत्राटदार हे ऐकून कुरकुरतो, त्याच्याबद्दल वेगळे काही सांगायला नको.

पुढे दर दोन वर्षांनी चाचणी करीत राहायचे. मधल्या काळासाठी चांगला कंत्राटदार नळावर इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची एक काचेसारखी नळी लावून देतो. तिच्यात रंगीत द्रव असतो. तिचे एक तोंड नळात उघडते, दुसरे घरातल्या हवेत. पंखा ओढत असेल तोवर नळाच्या बाजूची पातळी वर आणि दुसरी खाली असते. ही नळी रेडॉन मोजत नाही, फक्त दाबातला फरक दाखवते, ही गल्लत करू नका. पण तळघरात येताजाता तिच्याकडे नजर टाकायची सवय घरातल्या मुलांनाही लावता येते. दोन्ही पातळ्या एका रेषेत दिसल्या, तर पंखा बंद पडला आहे किंवा कोणीतरी वीज वाचवायला त्याचे बटण बंद केले आहे. बटण पाहायचे, आणि ते चालू असेल तर त्याच दिवशी कंत्राटदाराला फोन करायचा.